चार्जर काढला, पण सांगितलं कुणी?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले दहा-बारा ‘म्हणजे’, दोन ‘ॲक्च्युअली’ आणि मध्येच झालेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी जसं बोलले तसंच.)

हेडफोन लावलेत ना? मग आत्ता हातात फोन असेलच. जवळ चार्जर असेल तर एक गंमत करा. चार्जर लावा. बॅटरीच्या चित्रावर वीज चमकली? आता काढा. गेली?

या चमकण्या-जाण्यामागे कोण कोण राबतंय, ते आज सांगणार आहे. आणि ती वीज जेव्हा चमकत नाही तेव्हा काय होतं, तेही. कारण अशाच एका न चमकलेल्या विजेमुळे मुलुंडमधल्या एका मुलावर चोरीचा आळ आला होता, आणि चूक माझी होती. पण त्यावर येते मी.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी बीटेक केलंय, राहते मुलुंडला, ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत. सकाळी मुलुंडवरून घाटकोपर, तिथून मेट्रो. आमची कंपनी दुकानांसाठी बिलिंगची हातातली मशीन बनवते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मला अजून तिथेच काम करायचंय. मशीनमध्ये लिनक्स चालतं, आणि माझं काम त्यातल्या ड्रायव्हरचं. घरी अजूनही लोकांना वाटतं की मी गाडीबिडीच्या ड्रायव्हरशी संबंधित काहीतरी करते. आजीला समजावणं मी सोडून दिलंय.

तर कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा अगदी आतला गाभा. हार्डवेअरला हात लावायची परवानगी त्यालाच. आणि ड्रायव्हर म्हणजे कर्नलमधला तो तुकडा, ज्याला एखाद्या विशिष्ट चिपची भाषा येते. चार्जिंगच्या चिपची भाषा चार्जर ड्रायव्हरला येते, स्क्रीनची स्क्रीनच्या ड्रायव्हरला. वर जी ॲप्स चालतात त्यांना यातलं काही कळत नाही, कळायची गरजही नाही. त्यांना फक्त कुणीतरी सांगावं लागतं की बाबा, चार्जर निघाला.

हे सांगण्याचे दोन प्रकार. घाटकोपर स्टेशन डोळ्यांसमोर आणा. एक माणूस प्लॅटफॉर्मच्या कडेला उभा राहून दर अर्ध्या मिनिटाला मान बाहेर काढून बघतो, गाडी आली का, गाडी आली का. याला म्हणतात पोलिंग. दुसरा बाकावर निवांत बसून रील्स बघतो, कारण त्याला माहितीये की घोषणा होणार आहे. याला म्हणतात इव्हेंट. दुसऱ्याची बॅटरी वाचते, मानही. पण घोषणाच झाली नाही तर? गाडी येते, दारं भरतात, गाडी सुटते, आणि हा बाकावरच.

लिनक्समध्ये या घोषणेला यूइव्हेंट म्हणतात. ड्रायव्हर कर्नलला सांगतो, कर्नल एका खास सॉकेटवर छोटासा मेसेज टाकतो: अमुक उपकरण जोडलं गेलं, काढलं गेलं किंवा बदललं. बाहेर यूडेव्ह नावाचा एक प्रोग्रॅम कान देऊन बसलेला असतो. तुमच्या अँड्रॉइडमध्ये यूडेव्ह नाही, पण कर्नलकडून येणारा मेसेज तोच. तुम्ही मगाशी चार्जर लावलात तेव्हा बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्व्हिसला असाच एक मेसेज गेला.

अँड्रॉइडवाल्यांची एक हुशारी मला फार आवडते. ती सर्व्हिस इव्हेंटची वाट बघतेच, पण सोबत स्वतःही अधूनमधून मान बाहेर काढून बघते. मूळ कोडमध्ये चार्जिंग चालू असताना दर १ मिनिटाने आणि नुसत्या बॅटरीवर असताना दर १० मिनिटांनी. म्हणजे घोषणा चुकली तरी फार तर १० मिनिटं उशिरा का होईना, वीज चमकेल. पुढच्या वेळी फोनला चार्जर लावून वीज उशिरा चमकली, तर नुसतं ‘केबल खराब आहे’ म्हणू नका. घोषणाही चुकलेली असू शकते.

आमच्या मशीनमध्ये ही हुशारी नव्हती.

आता मुलुंडची गोष्ट. पाच रस्त्याच्या जवळ एक मेडिकल स्टोअर आहे, तिथे आमची दोन मशीन होती. दुकानात लाइट गेली किंवा गर्दी झाली की मुलगा मशीन चार्जिंगच्या स्टँडवरून उचलून काउंटरच्या या टोकाला आणायचा. पूर्ण नॉर्मल वापर. तिथून तक्रार आली की मशीन अचानक बंद पडतं. बॅटरी संपत आल्याची सूचना नाही, काही नाही, एकदम काळा पडदा. पुन्हा चालू केलं की शेवटची काही बिलं गायब.

ही तक्रार आणली आमच्या सपोर्टच्या काकांनी. काका पन्नाशीचे, घाटकोपरला राहतात, पाठीवर सॅक घेऊन कल्याणपासून बोरिवलीपर्यंत फिरतात. मला ते अहो-जाहो करून ‘मॅडम’ म्हणतात, मी त्यांना काका. त्यांनी मला फोन केला आणि म्हणाले, “मॅडम, चार्जरवरून काढलं तरी वरच्या पट्टीवर चार्जिंग दाखवतंय. बिलिंगच्या ॲपमध्ये मात्र बरोबर दाखवतंय. वरचं खोटं, आतलं खरं.”

या एका वाक्यात पूर्ण उत्तर होतं. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

टेबलावर मशीन घेतलं, चार्जर लावला, काढला, वीस वेळा केलं. प्रत्येक वेळी बरोबर. तिकिटावर लिहिलं, ‘आमच्याकडे होत नाही’, आणि बंद केलं. तीन आठवड्यांनी ते पुन्हा उघडलं गेलं. मी पुन्हा वीस वेळा केलं, पुन्हा बंद केलं. मनात आलं, दुकानातला स्टँड सैल असणार. इंजिनिअर लोकांना हार्डवेअरवर ढकलायला फार आवडतं, आणि हार्डवेअरवाल्यांना आमच्यावर.

तिसऱ्यांदा काका फोन न करता थेट ऑफिसात आले. चहा घेतला नाही. म्हणाले, “मॅडम, त्या मुलाचा पगार कापलाय शेठने. दोन महिन्यांचे मिळून ३,२०० रुपये.”

झालं असं होतं. बिल गायब म्हणजे मशीनच्या हिशोबात विक्री झालीच नाही. पण शेल्फवरून औषध तर गेलेलं. स्टॉक कमी, बिल नाही. गल्ल्यात पैसे थोडे जास्तच निघायचे, पण शेठना वाटलं की मुलगा बिल न फाडता माल विकतोय आणि त्यातले थोडे खिशात घालून उरलेले गल्ल्यात टाकतोय. मुलगा एकोणीस वर्षांचा, भांडुपचा. तो सांगत होता की मशीनने खाल्लं. मशीनने खाल्लं यावर कोण विश्वास ठेवणार? कंपनीकडे विचारलं तर कंपनीचं उत्तर होतं, ‘आमच्याकडे होत नाही.’ ते उत्तर माझं होतं, माझ्या नावाने, दोनदा.

त्या दिवशी मी सातची मेट्रो सोडली.

पहिला प्रश्न असा की घोषणा झालीच नाही, की झाली पण वाटेत हरवली? कारण हे दोन्ही शक्य आहे. तो जो सॉकेट सांगितला, त्याची ऐकणाऱ्याच्या बाजूला एक ठरावीक जागा असते. ऐकणारा गाफील राहिला आणि मेसेज साठत गेले, तर जागा भरते आणि पुढचे मेसेज टाकून दिले जातात. रजिस्टर पोस्ट नाही ते, पावती वगैरे काही नाही.

इथे कर्नलने एक सोय करून ठेवली आहे. प्रत्येक यूइव्हेंटवर एक क्रमांक असतो, चढत्या क्रमाने. टोकन नंबर समजा. तुम्हाला ४१ आणि ४३ मिळाले, तर ४२ वाटेत पडला. ४१ नंतर थेट ४२ आला आणि तरी चार्जरची बातमी त्यात नाही, तर ती बातमी पाठवलीच गेली नाही. लिनक्सचा लॅपटॉप असेल तर टर्मिनलवर ‘यूडेव्हॲडम मॉनिटर’ ही कमांड चालवा आणि पेन ड्राइव्ह लावा, हे मेसेज धबाधबा पडताना दिसतील. बघण्यासारखी गोष्ट आहे. एक साधा पेन ड्राइव्ह किती बोलतो!

आमच्या मशीनवर क्रमांकात एकही खाच नव्हती. म्हणजे ड्रायव्हरच गप्प होता.

पण टेबलावर होत नाही त्याचं काय? तेव्हा काकांचं वाक्य आठवलं. वरचं खोटं, आतलं खरं. वरची पट्टी इव्हेंटवर चालते. बिलिंगचं ॲप इव्हेंटची वाट बघत नाही, ते दर सेकंदाला थेट कर्नलकडून बॅटरीची फाइल वाचतं. कुणीतरी लिहिलं तसं, आळसाने. आणि मी टेबलावर टेस्ट करताना बिलिंगचं ॲप चालूच केलं नव्हतं! ड्रायव्हरची टेस्ट करायला बिलिंग ॲप कशाला, हा माझा शहाणपणा.

ॲप चालू केलं. चार्जर हाताने काढ-घाल करून कंटाळा आला म्हणून वीज चालू-बंद करणारा छोटा रिले जोडला, स्क्रिप्ट लावली. ॲप बंद असताना शंभरातली एकही घोषणा चुकली नाही. ॲप चालू असताना शंभरात तीसच्या आसपास चुकल्या.

तीस! हा आकडा बघून मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. कधी होतं कधी नाही असा बग म्हणजे डोकेदुखी. पण शंभरात तीस म्हणजे त्यामागे हिशोब आहे.

हिशोब असा. तुम्ही चार्जर काढता तेव्हा पिन एकदम सुटत नाही, काही क्षण लागते-सुटते-लागते. त्यामुळे चिपने इशारा दिल्यावर ड्रायव्हर लगेच निर्णय घेत नाही, ३०० मिलिसेकंद थांबतो. मग चिपला विचारतो, आता काय स्थिती? ती स्थिती आधी लिहून ठेवलेल्या स्थितीशी ताडून बघतो. वेगळी असेल तर नवी लिहितो आणि घोषणा करतो. तीच असेल तर गप्प बसतो, उगाच कशाला बोंब मारायची.

इथपर्यंत सगळं ठीक. आता सोसायटीचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. त्याला नियम दिलाय: गेटवर काय आलंय ते बघ, वहीत लिही, आणि वहीत आधी नसेल तरच इंटरकॉमवर कळव. कुरिअर आलं. वॉचमन काठी ठेवून उठेपर्यंत थोडा वेळ जातो. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा कुणीतरी जाता जाता गेटकडे बघतो आणि आपणच वहीत लिहून टाकतो, ‘कुरिअर आलंय.’ वॉचमन येतो, गेट बघतो, वही बघतो. वहीत आहेच. म्हणजे कळवून झालंय. बसतो परत. इंटरकॉम वाजतच नाही.

बिलिंगचं ॲप म्हणजे तो तिसऱ्या मजल्यावरचा. ॲपने फाइल वाचली की ड्रायव्हर चिपला ताजी स्थिती विचारायचा आणि ती त्याच वहीत लिहायचा. ॲप दर १,००० मिलिसेकंदांनी वाचतं, खिडकी ३०० मिलिसेकंदांची. दहातल्या तीन वेळा वाचन बरोबर खिडकीत पडणार. शंभरात तीस.

आणि घोषणा नाही म्हणजे पुढे काय? आमचा जो प्रोग्रॅम बॅटरीवर लक्ष ठेवतो, तो समजतो की मशीन चार्जरवरच आहे. चार्जरवर असताना बॅटरी संपण्याची काळजी करायची नाही, असं त्याला शिकवलेलं. बिलं मेमरीत साठवून वीस-वीसच्या गठ्ठ्याने चिपवर लिहिली जातात, कारण सारखं सारखं लिहिलं की स्टोरेजची चिप लवकर झिजते. बॅटरी संपत आली की उरलेली बिलं घाईने लिहा, अशी सोय होतीच. पण ती सूचना द्यायची कुणी? जो द्यायचा तो निवांत. मशीन बंद, बिलं हवेत, आणि भांडुपच्या मुलाचा पगार कापलेला.

मग मी बघितलं की वाचणाऱ्याला वहीत लिहायची परवानगी कुणी दिली. गिटमध्ये प्रत्येक ओळ कुणी लिहिली ते दिसतं. ओळ माझी होती. नोकरीच्या पहिल्या वर्षातली. तेव्हा तक्रार होती की फाइलमधली स्थिती शिळी असते, म्हणून मी वाचताना ताजी करून टाकली. दोन ओळी बदलल्या, रिव्ह्यू झाला, शाबासकी मिळाली. त्या दोन ओळी बिचाऱ्या आपापल्या जागी अगदी बरोबर दिसतात. मी चेहरा लाल करून ऑफिसच्या गॅलरीत गेले आणि दहा मिनिटं मरोळचं ट्रॅफिक बघत उभी राहिले.

आता इथे थोडं थांबून एक खरा, पुण्याशी जोडलेला किस्सा सांगते, कारण त्या रात्री तो वाचून मला जरा धीर आला होता. अमित शाह. दचकू नका, हे वेगळे. लिनक्स कर्नलमधले डेव्हलपर, तेव्हा रेड हॅटसाठी पुण्यातून काम करायचे. त्यांनी व्हर्टिओ-कन्सोल नावाच्या ड्रायव्हरवर भरपूर काम केलंय. हा ड्रायव्हर व्हर्च्युअल मशीनसाठी. एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा खोटा कॉम्प्युटर चालतो, त्या दोघांना आपसात बोलायला पाइप लागतात, ते पाइप हा ड्रायव्हर देतो.

गंमत अशी की पाइप आधी जोडला जातो आणि त्याचं नाव बाहेरून नंतर कळतं. बारसं नंतर, जन्म आधी. पाइप जोडल्याची घोषणा झाली तेव्हा यूडेव्ह उठला, त्याने नाव विचारलं, नाव नाही, म्हणून नावाचा शॉर्टकट न बनवता झोपला. मग नाव आलं, ड्रायव्हरने ते लिहून ठेवलं, पण कुणाला सांगितलंच नाही. म्हणजे बारसं झालं, पेढे वाटलेच नाहीत. २०१० साली अमित शाह यांनी यावर पॅच दिला: नाव लिहून झालं की ‘बदल झाला’ अशी एक घोषणा करा. कामाची ओळ एकच. ती ओळ आजही त्या फाइलमध्ये आहे, वर कॉमेंटसकट, की यूडेव्हला शॉर्टकट बनवता यावेत म्हणून ही घोषणा. कर्नलमध्ये मुरलेल्या माणसांच्या कोडलाही नंतर अशी एक ओळ जोडावी लागते, तर आपण कोण?

असो. माझा उपाय. वहीच्या दोन वह्या केल्या. एकीत, शेवटची वाचलेली स्थिती. दुसरीत, शेवटची कळवलेली स्थिती. वाचणारा फक्त पहिलीला हात लावू शकतो. घोषणा करायची की नाही हे फक्त दुसरीवरून ठरतं, आणि ती लिहिण्याचा हक्क एकट्या वॉचमनला. भोवती एक कुलूप, म्हणजे दोघं एकाच वेळी लिहिणार नाहीत. शिवाय मशीन झोपेतून उठलं की एकदा स्वतःहून तपासून बघायचं, कारण झोपेत असताना कुणी चार्जर काढला असेल तर? आणि वरच्या प्रोग्रॅममध्ये अँड्रॉइडची नक्कल केली. घोषणा असो नसो, दर मिनिटाला एकदा मान बाहेर.

या शेवटच्या गोष्टीवर आमच्यात भांडण झालं. टीममधला एक जण म्हणाला, नुसतं हेच करू ना, दर मिनिटाला बघणं, ड्रायव्हरला हात कशाला लावायचा, रिलीज अडेल. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, तक्रारी थांबल्या असत्या. पण मग ड्रायव्हर खोटं बोलत राहिला असता आणि पुढचा कुणी त्याच्यावर विसंबला असता. मी अडून बसले. शेवटी दोन्ही गेलं, आठवडा उशिरा. रिले पुन्हा लावला, रात्रभर चालू ठेवला, ॲप चालू ठेवून. सकाळी लॉग बघितला. एकही चुकलेली नाही.

आता दुकानाचं. मॅनेजर म्हणाले, नवीन सॉफ्टवेअर टाका, विषय संपला. मी म्हटलं, त्या मुलाचं काय? ते म्हणाले, लेखी दिलं तर कंपनी अडकेल. दोन दिवस यावर वाद चालला. शेवटी लीगलवाल्यांनी चार वाक्यांचं पत्र मंजूर केलं: अमुक तारखांना मशीन अचानक बंद पडल्याने बिलांची नोंद राहिली नाही, दोष मशीनच्या सॉफ्टवेअरचा होता. मराठीत लिहा असा मी हट्ट धरला, कारण इंग्रजीत पाठवलं असतं तर शेठने फाइलला लावून ठेवलं असतं आणि मुलापर्यंत पोचलं नसतं. मशीनच्या लॉगमध्ये बंद पडण्याच्या वेळा होत्याच, त्या सोबत जोडल्या. पत्र घेऊन काका स्वतः गेले. मीही जाणार होते, खरं सांगायचं तर हिंमत झाली नाही.

शेठनी पत्र दोनदा वाचलं आणि पैसे परत दिले. मुलगा मात्र पुढच्या महिन्यात दुसऱ्या दुकानात लागला, भांडुप स्टेशनजवळ. काका म्हणाले की जाताना त्याने त्या पत्राची झेरॉक्स मागून घेतली.

कर्नलच्या जगात पॅचखाली सह्या असतात. कुणी लिहिला, कुणी तपासला, आणि एक ओळ ‘रिपोर्टेड बाय’, म्हणजे ज्याने चूक दाखवली त्याचं नाव. आमचा पॅच कंपनीच्या आतलाच, पण मी तीच पद्धत ठेवली आणि तिथे काकांचं नाव टाकलं. त्यांना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून नीट वाचलं आणि विचारलं, “याचे काही पैसे मिळतात का?”

म्हटलं, नाही काका.

“मग चहा सांगा. त्या दिवशीचा राहिलाय.”